बदलते हवामान, वाडीवरील भगिनी आणि आपले रुग्णालय



गेल्या वार्षिक सभेत आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी जमाखर्च पत्रकातील एका ओळीवर बोट ठेवले होते. ‘बियाणे संकलन, परसबाग व पाणवठा दुरुस्ती’ असे त्या खर्चाच्या शीर्षाचे नाव. रक्कम मोठी नव्हती. शस्त्रक्रियागृहातील एका दिव्याच्या किमतीहूनही ती कमीच भरेल. परंतु प्रश्न रकमेचा नव्हता. “आम्ही देणगी देतो ती खाटांसाठी आणि औषधांसाठी. रुग्णालयाने बियाणी कशासाठी गोळा करावीत?” असे त्यांनी विचारले. सभेत वेळ थोडा होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचे उत्तरही गुळमुळीत झाले. पुढे लेखापरीक्षकांनी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत केला. न्यासाच्या उद्देशपत्रिकेत ‘वैद्यकीय साहाय्य’ असे शब्द आहेत. त्यांत ही गाडगी-मडकी कोठे बसतात?

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने अशा प्रश्नाचा राग मानू नये. म्हणून या वर्षीच्या अहवालात नेहमीच्या आकडेवारीबरोबर हे चार शब्द अधिक लिहिण्याची अनुमती आम्ही विश्वस्त मंडळाकडून मागून घेतली. आम्ही वैद्यक जाणत नाही, हवामानशास्त्र तर त्याहून दूर. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा जे लिहितो ते रुग्णालयाच्या नोंदवह्यांकडे आणि दारात येणाऱ्या माणसांकडे पाहून लिहितो.

आमच्या कार्यक्षेत्रातील वाड्या सह्याद्रीच्या माथ्याला आणि पूर्व उताराला बिलगून आहेत. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची. पावसाळ्यात येथे असा पाऊस पडतो की दहा पावलांवरचे घर दिसू नये. आणि चैत्र-वैशाखात याच वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. येथील कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते उताराने धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी खालच्या शेतांत. खालचा ऊस याच पाण्यावर वाढतो, हे ओघात आले म्हणून सांगितले.

रुग्णालयाचेही एक पंचांग असते. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे खाचरात लावण्याच्या दिवसांत बाह्यरुग्ण विभाग ओस पडतो. कोणास बरे नसते असे नाही, पण त्या आठ-पंधरा दिवसांत घरातील बाईला खाचरातून बाहेर पडताच येत नाही. आवणी उरकली की खोळंबलेली सारी दुखणी एकदम दारात येतात. चिखल्यांनी सोललेली बोटे, धरलेल्या कमरा, अंगावर काढलेला ताप, आणि दिवस भरत आले तरी एकदाही तपासणी न झालेल्या गर्भवती. श्रावण-भाद्रपदात कणग्यांचा तळ दिसू लागतो, आणि बालरोग विभागात वजन घटलेली मुले येऊ लागतात. आश्विनात हळवे भात हाती आले की हे चित्र पालटते. आमच्या परिचारिका हे पंचांग न पाहता सांगू शकत असत.

गेल्या काही वर्षांत हे पंचांग विस्कटले आहे. मृगाचा पाऊस येऊन दडी मारतो आणि राब भाजून टाकलेली रोपे जळतात. रोपे जळली की दुसऱ्यांदा बी टाकावे लागते. आवणी लांबली की कापणी लांबते, आणि पोटाला चिमटा घेण्याचे दिवस तेवढेच वाढतात. याच्या उलट कापून ठेवलेल्या भातावर पाऊस कोसळतो. २०१९ साली मोसमी पाऊस लांबला आणि पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने राज्यभर हाती आलेली पिके भिजवली, हे आपणांस स्मरत असेल. शास्त्रज्ञांचे म्हणणेही याच दिशेचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. म्हणजे पाऊस येतो तेव्हा धो धो येतो, आणि मधले दिवस कोरडे जातात.

या साऱ्याची अखेरची नोंद रुग्णालयात होते. पीक गेले याची नोंद तलाठी कार्यालयात होते, धान्य संपले याची कोठेच होत नाही, आणि मूल दगावण्याच्या बेतात आले की त्याची नोंद आमच्याकडे होते. वाणिज्याच्या भाषेत बोलावयाचे तर आमच्या हाती नेहमी शेवटचा रकाना येतो. आधीचे रकाने पाहावेत, असे आम्हांस वाटू लागले ते यामुळे.

हवामान बदलावर दोन प्रकारचे उपाय सांगितले जातात. एक म्हणजे तापमान वाढविणाऱ्या वायूंचे उत्सर्जन कमी करणे. त्यात आमच्या वाडीवरील बाईने काय कमी करावयाचे? तिच्या घरी एक चूल आणि एक दिवा. दुसरा उपाय म्हणजे जो बदल होऊन चुकला आहे त्याच्याशी जुळवून घेणे, ज्यास अनुकूलन म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमात असे नमूद आहे की, अनुकूलनाचे काम स्त्रियांचा विचार करणारे, लोकांच्या सहभागाचे आणि उपलब्ध विज्ञानाबरोबरच आदिवासी व स्थानिक समाजांच्या ज्ञानावर आधारलेले असावे. कलम वाचावयास सुंदर आहे. ते पाळण्यात आम्ही स्वतः कसे चुकलो, ते आता सांगतो. कारण देणगीदारांचा पैसा त्या चुकीत गेला होता.

सुमारे दशकापूर्वी रुग्णालयाने कुपोषण निवारणासाठी परसबाग योजना हाती घेतली. योजना तयार झाली ती आमच्या कार्यालयातील टेबलाभोवती. आहारतज्ज्ञ होते, बालरोगतज्ज्ञ होते, दोन विश्वस्त होते आणि खर्चाचा अंदाज करावयास आम्ही होतो. वाडीवरचे कोणीही नव्हते, आणि कोणी असावे हे कोणास सुचलेही नाही. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांच्या देखण्या पाकिटांचा एकेक संच घरोघर दिला. पहिल्या वर्षी भाजी उत्तम आली. त्या वर्षीच्या अहवालात तिचे पानभर छायाचित्र आम्ही मोठ्या कौतुकाने छापले होते. जुने अहवाल जपून ठेवणाऱ्यांना ते सापडेल.

दुसऱ्या वर्षी भगिनींनी त्यांच्या रीतीप्रमाणे चांगली फळे वेलीवरच वाळू देऊन बी धरले. संकरित वाणाचे धरलेले बी आईबापांसारखे निपजत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हांस ठाऊक नव्हते. फळे वेडीवाकडी, काही वेलींना लागलीच नाहीत. तिसऱ्या वर्षी कोणी पाकीट मागावयास आले नाही. कारण विचारले तेव्हा औषधाच्या रांगेतील एक आजी म्हणाल्या, “तुमचं बी पाव्हणं हाय, सायेब. एकदा जेवतं न् जातं.” आम्ही तो खर्च आहे त्याच शीर्षाखाली ठेवला, पण मनात तो बुडीत खात्यात टाकला.

त्यानंतर आमच्या आरोग्यसेविका आणि वाड्यांवरील काही भगिनी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी जाऊन आल्या. तेथील राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव आपणांस परिचित असेलच. महादेव कोळी समाजातील या बाईंनी शाळेचे तोंड पाहिले नाही. नातवाच्या आजारपणाचा संबंध विषारी औषधे मारलेल्या भाजीशी आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि घरोघरच्या जुन्या वाणांचे बी त्या जमवू लागल्या. भात, नागली, वरई, वाल, घेवडा, वेलवर्गीय भाज्या, रानभाज्या. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने त्यांना साथ दिली, आणि घरातील संग्रहाची रीतसर बियाणे बँक झाली. तालुक्यातील स्त्री-पुरुष शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. २०१८ साली ‘बीबीसी’च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, महामारीमुळे ती प्रत्यक्ष हाती पडली २०२१ च्या नोव्हेंबरात. ‘बीजमाता’ हे बिरुद त्यांना ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी दिले.

कोंभाळण्याहून परतल्यावर आमच्या भगिनी काय बोलत होत्या, ते आम्हांस प्रथम नीट उमगले नाही. पुढे एकीने खाचराच्या बांधावर उभे राहून समजावून दिले, तेव्हा ध्यानात आले की हे केवळ जुन्याचे कौतुक नव्हे. भाताचे वाण तीन जातींचे. हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे साधारणतः १०० ते ११० दिवसांत तयार होते. ते उताराच्या, पाणी न टिकणाऱ्या खाचरात लावावयाचे. गरव्याला १४० ते १५० दिवस लागतात. ते खोलगट, उशिरापर्यंत ओल राहणाऱ्या जागी. पाऊस लवकर आटोपला तर हळवे हाती लागते, लांबला तर गरवे चांगले भरते. नागली आणि वरई तर माळाच्या हलक्या जमिनीवर कमी पाण्यातही तग धरतात. ज्या घरी हे सारे बी आहे, त्या घरी पाऊस कसाही आला तरी काहीतरी शिजते. ज्या घरी बाजारातून आणलेला एकच वाण सगळ्या खाचरांत लावला, त्या घराने सारी पुंजी एकाच खात्यात ठेवली. एवढे समजावयास हवामानशास्त्र लागत नाही; आमच्या शाखेच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवितात.

आणि कोणते बी कोणत्या खाचरात टाकावयाचे, कोणते कणीस बियाण्यासाठी वेगळे काढावयाचे, राखेत घोळवून गाडग्यात भरावयाचे की चुलीच्या धुरावर टांगावयाचे, हे ठरविते घरातील बाई. पुरुष नांगर धरतो, बाजार करतो. बी मात्र बायकांच्या हाती. आम्ही मात्र योजनेची माहिती द्यावयास बैठक बोलावीत असू ती पुरुषांची.

यातून आपली बियाण्यांची खोली उभी राहिली. बाह्यरुग्ण विभागाच्या मागे पूर्वी जुन्या खाटा ठेवीत असू ती ही खोली. नियम भगिनींनीच ठरविला. हंगामाच्या तोंडी एक पायली बी न्यावे, सुगीनंतर दोन पायली परत करावे. दामदुपटीचा हा व्याजदर ऐकून आम्हीच दचकलो होतो. पण एका पायलीतून पिकते किती हे त्यांना ठाऊक होते. चौथीपर्यंत शिकलेल्या एक बाई वही सांभाळतात. त्या वहीत बी नेणारीचे नाव आहे, तिच्या वाडीचे नाव आहे, वाण आहे, आणि ते कोणत्या खाचरात लावले तेही आहे. आमच्या औषध भांडाराची नोंदवही इतकी नेटकी असती तर लेखापरीक्षकांचे निम्मे शेरे टळले असते.

एका वर्षी पाऊस मध्येच तुटला. गरवे भात पोचट राहिले, आणि अनेकींना बी परत करणे शक्य झाले नाही. आम्ही थकबाकीदारांची यादी तयार करविली आणि पुढील वर्षी त्यांना बी देऊ नये असे सुचविले. समितीतील भगिनींनी ती यादी वाचून बाजूला ठेवली. ज्यांचे गरवे बुडाले त्यांनाच या वर्षी हळवे द्यावयाचे, आणि जुने बी दोन वर्षांत फेडू द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्यांचे म्हणणे असे की, बी ज्याचे बुडाले त्यालाच न दिले तर ही खोली कशासाठी? आम्ही त्या वेळी नाराज होतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वही पाहिली, तेव्हा बहुतेक बी परत आलेले होते.

येथे एक सावधगिरीचा शब्द. आदिवासींना सारे काही ठाऊक आहे आणि तज्ज्ञांनी घरी बसावे, असे आम्ही म्हणत नाही. त्या भगिनीही म्हणत नाहीत. चांगल्या वर्षी सुधारित वाण जास्त उतारा देतो, आणि त्यांतील कित्येकी एखाद्या खाचरात तो लावतातही. पावसाच्या आगमनाच्या जुन्या खुणा आता फसतात, हे म्हातारी माणसेच सांगतात. म्हणून हवामान खात्याचा अंदाज वाडीच्या फळ्यावर लिहावा ही मागणी त्यांनीच केली. नागलीबद्दल मात्र आमच्या आहारतज्ज्ञांनाही आता शंका उरलेली नाही. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. गर्भवतीला गोळी देतोच, पण तिच्या ताटातील भाकरीवर हसण्याचे आम्ही थांबविले.

आता ‘सहभाग’ या शब्दाविषयी. हा शब्द अहवालांत फार सैलपणे वापरला जातो, आमच्याही अहवालांत. परसबागेच्या धड्यानंतर आम्ही नियोजन समितीवर वाड्यांवरील दोन भगिनींना घेतले आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात राहिलो. बैठक मंगळवारी सकाळी अकरा वाजता रुग्णालयाच्या सभागृहात. त्यासाठी त्यांना पहाटेची एस.टी. धरावी लागे, दिवसाची मजुरी बुडे, आणि सभागृहात मऊ खुर्चीच्या कडेवर बसून त्या एक शब्दही बोलत नसत. हजेरीपटावर अंगठा किंवा सही होई. तीन बैठका अशा गेल्या.

चौथी बैठक एका तरुण आरोग्यसेविकेच्या आग्रहाने वाडीवर, देवळाच्या ओसरीत, संध्याकाळी घेतली. तेथे मात्र दहा-बारा जणी आल्या आणि आम्हांसच बोलण्यास जागा उरली नाही. पहिला विषय निघाला तो बियाण्यांचा नव्हेच, पाण्याचा. आम्ही वाडीच्या खालच्या अंगाला साठवण टाकी मंजूर करून ठेवली होती. रस्ता तेथवर जातो, टँकर तेथे उभा राहू शकतो, असा आमचा विचार. त्या म्हणाल्या, टाकी खाली बांधली तर भरलेले हंडे घेऊन चढावयाचे आम्हालाच ना? वरच्या अंगाला कातळात एक जुना झरा आहे. गुरे तो तुडवितात म्हणून वैशाखात तो आटतो. त्यालाच दगडी कठडा करा, वरची झाडी राखा. झऱ्याचे काम टाकीच्या अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात झाले. पाणी वैशाखअखेर पुरत नाही, टँकर अजूनही येतो. पण उशिरा येतो. आणि सातव्या-आठव्या महिन्यात हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईची खेप वाचते. याला वैद्यकीय साहाय्य म्हणावे की नाही, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

बोलावयास जागा मिळाली तरी कागदावर नाव नसेल तर निर्णय दुसऱ्याच्याच हाती राहतो. सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते; त्यामुळे अवकाळीची नुकसानभरपाई त्याच्या नावे येते, आणि खाचरात दिवसभर वाकणारी बाई सरकारी भाषेत शेतकरी ठरत नाही. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्र शासनाने १९९२ साली काढली, परंतु किती घरांनी तिचा लाभ घेतला, ते आपल्या ओळखीच्या घरांचे सातबारे पाहून ठरवावे. या बाबतीत आदिवासींचा वनहक्क कायदा पुढे गेला आहे. २००६ च्या या कायद्यात विवाहितांचा वनहक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदविण्याची तरतूद आहे, आणि वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे पुष्कळांनी वाचले असेल. आमच्या वाड्यांवर बांबूपेक्षा रानभाज्यांचे मोल जास्त. टाकळा, कुरडू, भारंगी, चाई, करटोली या नेमक्या पोटाला चिमटा बसण्याच्या दिवसांत उगवतात. जंगलावर हक्क असणे म्हणजे श्रावणातील ताटात भाजी असणे.

जमिनीवरील निर्णय बाईच्या हाती आला तर काय होते, याचा निराळा आणि मोठा अनुभव मराठवाड्यात आहे. तेथे प्रश्न दुष्काळाचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. त्याच काळात लातूर, धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) भागांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेशी जोडलेल्या शेतकरी भगिनी एक साधी गोष्ट करीत होत्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने ही संस्था वाढली होती. या भगिनींनी घरच्या जमिनीपैकी अर्धा किंवा एक एकर आपल्या मर्जीने कसण्यासाठी मागून घेतला. बाकीच्या जमिनीत पुरुषांनी ऊस, सोयाबीन जे हवे ते घ्यावे. या तुकड्यात मात्र ज्वारी-बाजरी, कडधान्ये, भाजीपाला, शेणखत आणि घरचे बी. आधी घरच्या ताटात, उरले तर बाजारात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१६ साली या कामास इक्वेटर पुरस्कार दिला. आम्हांस पुरस्काराहून ‘मागून घेतला’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. नवऱ्याशी, सासऱ्याशी बोलून एक एकर मागणे हे शेतीतील सर्वांत अवघड काम असावे.

उष्म्याबद्दल थोडेसे. मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून दिसले. २०१३ साली तेथील महानगरपालिकेने उष्माघात प्रतिबंधाचा कृती आराखडा केला; दक्षिण आशियातील शहरांत तो पहिला. त्याच शहरातील महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधील स्त्रियांना बरोबर घेऊन घरांच्या पत्र्यांना पांढरा रंग देण्याचे काम केले, कारण दुपारभर त्या पत्र्याखाली शिवण-टिपण करीत बसणाऱ्या त्याच होत्या. आपल्या प्रसूतिपूर्व निवासाचे छतही पत्र्याचे आहे. तेथे राहणाऱ्या गर्भवती दुपारी व्हरांड्यात येऊन बसतात, याला आम्ही वर्षानुवर्षे ‘गप्पा मारण्याची आवड’ समजत होतो. या वर्षी एकीने पंख्याऐवजी चुन्याचा हात मागितला. चुना दिला, वर गवताचा थर टाकला. तो खर्च इमारत दुरुस्तीत दाखविला आहे.

शेवटी हिशेबाकडे येतो. खाटा, औषधे किंवा यंत्रसामग्री यांसाठी म्हणून निर्देश करून दिलेल्या देणग्यांतील एकही रुपया या कामाकडे वळविलेला नाही. तो सर्वसाधारण निधीतून झाला आहे, आणि लेखापरीक्षकांच्या सूचनेनुसार यापुढे ‘प्रतिबंधात्मक आरोग्य’ या स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला जाईल. बियाण्यांच्या खोलीमुळे बालरोग विभाग रिकामा झाला, असा दावा आम्ही करीत नाही. भाद्रपदात तो अजूनही भरतो. हे काम पुढील ३ वर्षे चालू ठेवावे किंवा कसे, हा विषय येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. त्या सभेस बियाणे समितीच्या दोन सदस्या उपस्थित राहतील. सभा त्यांच्या सोयीने रविवारी दुपारी ठेवली आहे, आणि त्यांचा एस.टी.चा खर्च व बुडालेली मजुरी न्यास देईल. ज्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नामुळे हे लिहावे लागले, त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारावा, अशी विनंती आम्ही त्यांना स्वतंत्र पत्राने केली आहे. या खेपेस उत्तर देण्याचे काम आमचे असणार नाही.

ज्यांना खोली प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी पौषात यावे. सुगी उरकलेली असते, गाडगी भरलेली असतात, आणि वही सांभाळणाऱ्या बाई दुपारी दोननंतर मोकळ्या असतात.